लाइन काउंटर रील म्हणजे काय? भरवशाचे कसे निवडावे आणि धडगावच्या नर्मदेत ते किती कामाचे?

मोबाइलवर 'रील' म्हणजे अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ आणि 'ट्रोलिंग' म्हणजे कुणाच्या तरी पोस्टखाली चाललेली टवाळी. मासेमारीत हे दोन्ही शब्द फार आधीपासून आहेत आणि त्यांचे अर्थ अगदी वेगळे आहेत. तिथे रील म्हणजे गळाची दोरी गुंडाळण्याचे चाक, आणि ट्रोलिंग म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढत नेऊन मासा पकडणे. अमेरिकेतल्या मोठ्या सरोवरांवरचे असे व्हिडिओ आपल्याही फीडमध्ये येतात. बोटीच्या दोन्ही बाजूंना दूरवर रंगीत फळ्या तरंगत असतात आणि रॉडवरच्या रीलमध्ये रिक्षाच्या जुन्या मीटरसारखे आकडे फिरत असतात.

हे आकडेवाले रील म्हणजे लाइन काउंटर रील, आणि त्या फळ्या म्हणजे प्लेनर बोर्ड. ते पाहून साहजिकच प्रश्न पडतो, की आपल्याकडच्या मोठ्या धरणात हे चालेल का? महाराष्ट्रात असे लांबच लांब आणि खोल पाणी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या उत्तरेलाही आहे. तिथे सातपुड्याच्या पायथ्याशी सरदार सरोवराचे पाणी नर्मदेच्या खोऱ्यात मागे पसरले आहे. या लेखात आधी हे रील कसे मोजते, कुठे चुकते आणि कसे निवडावे ते पाहू. मग तेच ज्ञान धडगावच्या पाण्याला लावून पाहू.

थोडक्यात

• काउंटर खोली मोजत नाही. तो स्पूलचे फेरे मोजतो आणि त्यावरून दोरीची लांबी दाखवतो.
• स्पूल कमी भरलेला असेल तर चांगल्या कंपनीचे रीलही चुकीचा आकडा दाखवते.
• भरवशाचे रील म्हणजे तेवढ्याच दोरीला दर वेळी तोच आकडा दाखवणारे रील.
• धडगावच्या जलाशयात पाण्याची पातळी वर्षभरात खूप वरखाली होते, त्यामुळे आजचा आकडा चार महिन्यांनी उपयोगी पडेलच असे नाही.

ट्रोलिंग आणि ट्रॉलिंग: एका मात्रेचा फरक

कोकणच्या किनाऱ्यावर 'ट्रॉलर' हा शब्द सगळ्यांना माहीत आहे. ट्रॉलर मोठे पिशवीसारखे जाळे समुद्रातून ओढत नेतो. त्या पद्धतीला ट्रॉलिंग म्हणतात आणि त्यात वाटेत येईल ते सगळे जाळ्यात जाते. ट्रोलिंगमध्ये जाळे नसते. एक दोरी, एक गळ आणि एक आमिष एवढेच असते. आमिष खरे असते किंवा माशाच्या आकाराचे लाकडी अथवा प्लास्टिकचे असते. बोट तासाला साधारण २ ते ४ किलोमीटर वेगाने, म्हणजे माणसाच्या चालण्याच्या वेगाने जाते. मागे ओढले जाणारे आमिष पोहणाऱ्या लहान माशासारखे वळवळते आणि शिकारी मासा त्याच्यावर झडप घालतो.

या पद्धतीत दोन अडचणी येतात. एक म्हणजे बोटीच्या आवाजाने आणि सावलीने वरच्या पाण्यातले मासे बाजूला पळतात, त्यामुळे बोटीच्या अगदी मागून जाणाऱ्या आमिषाला काही मिळत नाही. दुसरी म्हणजे मागे चार-पाच दोऱ्या सोडल्या तर त्या एकमेकींत गुंततात. या दोन्ही अडचणींवरचा उपाय म्हणजे प्लेनर बोर्ड.

प्लेनर बोर्ड: पाण्यावरचा पतंग

प्लेनर बोर्ड ही साधारण हातभर लांबीची किंवा त्याहून लहान, तरंगणारी फळी असते. तिचे काम समजायला पतंग आठवावा. पतंगाला कण्णी अशी बांधतात की तो वाऱ्याला तिरपा राहतो, आणि म्हणून वारा त्याला नुसता मागे न ढकलता वर उचलतो. प्लेनर बोर्डही दोरीला तिरपा अडकवलेला असतो. बोट पुढे जाते तसे पाणी त्याच्यावर आदळते आणि त्याला बाजूला ढकलते. पतंग वर जातो, बोर्ड आडवा जातो. डाव्या आणि उजव्या बाजूचे बोर्ड वेगळे असतात. चुकीच्या बाजूला लावलेला बोर्ड बोटीखाली घुसू पाहतो.

ही कल्पना जुनीच आहे. ब्रिटनमध्ये 'ऑटर' नावाची अशीच फळी किनाऱ्यावरून दोरीने ओढून चोरट्या मासेमारीसाठी वापरली जाई आणि कायद्याने तिच्यावर बंदी घातली गेली. आजचे हौशी मासेमार वापरतात ते बोर्ड दोन प्रकारचे असतात. मोठा बोर्ड स्वतंत्र दोरीने बोटीच्या खांबाला बांधतात आणि त्या दोरीवर क्लिपने गळाच्या दोऱ्या अडकवतात. लहान बोर्ड थेट गळाच्या दोरीवरच चिमट्याने बसवतात. 'ऑफ शोर टॅकल' कंपनीचा ओआर-१२ आणि 'चर्च टॅकल'चा टीएक्स-२२ हे या दुसऱ्या प्रकारातले नेहमी दिसणारे बोर्ड. मासा लागला की बोर्ड इतरांच्या मागे पडतो किंवा त्यावरचा छोटा झेंडा खाली झुकतो. तीच खूण.

मग दोरी मोजायची कशाला?

समजा, बोटीमागे चार दोऱ्या आहेत. एका दोरीला मासा लागला. ते आमिष बोर्डाच्या मागे नेमके किती अंतरावर होते हे माहीत असेल, तर बाकीच्या तीन दोऱ्याही तेवढ्याच सोडता येतात. मासे बहुधा एका ठरावीक थरात असतात, कारण पाण्याचे तापमान, प्राणवायू आणि लहान माशांचे थवे खोलीप्रमाणे बदलतात. तो थर एकदा सापडला की पुन्हा पुन्हा तिथेच आमिष पाठवणे हे खरे कौशल्य. अंदाजाने सोडलेल्या दोरीने ते जमत नाही. म्हणून काउंटर.

लहान बोर्डाच्या पद्धतीत दोन आकडे असतात. पहिला, आमिष आणि बोर्ड यांच्यातली दोरी. दुसरा, बोर्ड आणि बोट यांच्यातली दोरी. आमिष पाण्यात टाकून काउंटर शून्यावर आणतात, समजा ६० फूट दोरी सोडतात, तिथे बोर्ड अडकवतात आणि मग बोर्डासह आणखी ७५ ते १०० फूट दोरी सोडतात. आमिषाची खोली ठरते ती पहिल्या आकड्यावरून. दुसऱ्या आकड्याने फक्त बोर्ड किती दूर आहे हे ठरते. नवखे लोक इथेच गोंधळतात. ते शेवटचा १६० हा आकडा लक्षात ठेवतात आणि ६० विसरतात.

काउंटर खरोखर काय मोजतो?

बहुतेक यांत्रिक काउंटर दोरीला हातही लावत नाहीत. ते रीलच्या स्पूलला, म्हणजे दोरी गुंडाळली जाते त्या फिरत्या भागाला, दातेरी चाकांनी जोडलेले असतात. स्पूल फिरला की आकडा पुढे सरकतो. एका फेऱ्यात किती दोरी जाते हे कंपनीने आधीच गृहीत धरलेले असते, आणि ते गृहीतक असते पूर्ण भरलेल्या स्पूलचे.

मांजाची फिरकी हातात धरलेल्या कुणालाही हे लगेच कळेल. फिरकी भरलेली असते तेव्हा एका फेऱ्यात भरपूर मांजा सुटतो. मांजा संपत आला की तीच फिरकी गरगर फिरते, पण मांजा थोडाच सुटतो. फेरे मोजून मांजा किती गेला हे सांगणारा माणूस अशा वेळी नक्की चुकेल. काउंटर तोच माणूस आहे.

हिशेब सोपा आहे. कंपनीने स्पूल भरलेला असताना त्याचा व्यास ५० मिलिमीटर धरला आहे असे समजा. दोरी कमी भरल्याने तो प्रत्यक्षात ४० मिलिमीटरच असेल, तर प्रत्येक फेऱ्यात पाचांपैकी चार भागच दोरी सुटेल. काउंटर १०० फूट दाखवेल आणि पाण्यात गेलेली असेल ८० फूट. उलट, स्पूल ठासून भरला असेल तर काउंटर कमी दाखवेल आणि दोरी जास्त गेलेली असेल.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, एखादे रील 'खोटे' आहे असे वाटते तेव्हा बहुतेक वेळा दोष भरण्यात असतो, यंत्रात नसतो. दुसरी, मासा निसटताना दोरी तुटली, पन्नास-शंभर फूट वाया गेली, तर त्या दिवसापासून काउंटरचा आकडा बदललेला असतो. रील तेच, आकडा वेगळा.

भरवशाचे रील निवडताना काय पाहावे?

१. स्पूलचा आकार. मोठ्या आणि रुंद स्पूलवर दोरी सुटत गेली तरी व्यास हळूहळू कमी होतो, म्हणून आकड्यातली चूक कमी राहते. लहान स्पूलवर जाड दोरी भरली की चूक झपाट्याने वाढते. डाइवा कंपनी आपल्या काउंटर रील्सना १७, २७, ४७ असे क्रमांक देते. त्यात लहान बोर्डांसाठी १७ किंवा २७ पुरेसे ठरते. ४७ हे जड दोरी आणि मोठ्या माशांसाठी.

२. ड्रॅग, म्हणजे ओढ सोसणारा ब्रेक. बोर्ड आणि आमिष मिळून तासन् तास सारखी ओढ देतात. त्यात मासा लागला की ओढ एकदम वाढते. ब्रेक अडखळत सुटत असेल तर दोरी तुटते किंवा गळ माशाच्या तोंडातून निसटतो. दुकानात दोरी हाताने हळूहळू ओढून पाहावी. ती झटके न देता सारखी सुटली पाहिजे.

३. क्लिकर. दोरी सुटू लागली की कर्रकर्र वाजणारी ही साधी सोय आहे. बोर्ड दूर असताना कानच आधी सांगतात. तिचा आवाज बारीक असेल किंवा बटण सैल असेल तर त्रास होतो.

४. काउंटरची काच आणि बटण. काचेच्या आत वाफ धरून आकडे दिसेनासे होणे आणि शून्यावर आणायचे बटण अडकणे, या दोन तक्रारी स्वस्त रील्सबाबत जास्त येतात. घेण्यापूर्वी बटण वीस वेळा दाबून पाहावे. दर वेळी सगळे आकडे नीट शून्यावर आले पाहिजेत.

५. वेगात आकडे गाळतो का? दोरी जोरात सोडल्यावर काही काउंटर मधले आकडे गाळतात. एकदा हळू आणि एकदा जोरात, सारखीच दोरी सोडून आकडा जुळतो का ते पाहावे.

६. लेव्हलवाइंड. दोरी स्पूलवर डावीकडून उजवीकडे सारखी पसरवणारा हा भाग. तो मंद किंवा वाकडा असेल तर दोरीचा मधेच ढीग होतो, व्यास असमान होतो आणि आकडा पुन्हा चुकतो.

७. जोडी. एकाच बोटीवर दोन किंवा चार रील्स वापरायची असतील तर सगळी एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची घ्यावीत आणि त्यांत एकाच जाडीची दोरी सारखीच भरावी. मग सगळ्यांची चूकही सारखीच राहते, आणि एका रीलचा ६० दुसऱ्याच्या ६० बरोबर जुळतो.

अमेरिकेच्या बाजारात ओकुमाचे मॅग्डा प्रो हे स्वस्तातले. ओकुमा कोल्ड वॉटर आणि डाइवा सीलाइन ही मधल्या किमतीची. शिमानो टेकोटा त्याहून महाग. महाग रीलमध्ये ब्रेक आणि दातेरी चाके चांगली मिळतात, ती जास्त वर्षे टिकतात. पण महाग रील अर्धे भरले तर तेही स्वस्त रीलइतकेच चुकते.

डिजिटल काउंटर घ्यावा का? अंधारात तो वाचायला सोपा असतो आणि जपानी बनावटीच्या अनेक रील्सवर आकडे थेट मीटरमध्ये मिळतात. बॅटरी आणि ओल हे त्याचे दोन शत्रू. जिथे दुरुस्तीचे दुकान जवळ नाही तिथे यांत्रिक काउंटर सोयीचा. तिसरा पर्याय म्हणजे रॉडवर बसवायचा सुटा काउंटर. त्यातल्या छोट्या चाकावरून दोरी जाते, म्हणून स्पूल किती भरला आहे याच्याशी त्याचा संबंध नसतो. मात्र ओली, बारीक दोरी चाकावरून घसरली की तोही कमी मोजतो.

दोरी कशी भरावी?

तंगूस, म्हणजे नायलॉनची एकपदरी दोरी, बोर्डाच्या चिमट्यात घट्ट बसते आणि थोडी ताणली जाते, त्यामुळे माशाचा पहिला झटका सोसते. विणलेली बारीक दोरी मजबूत असते आणि पाण्याला कमी अडते, म्हणून तेवढ्याच लांबीला आमिष जास्त खोल जाते. पण ती गुळगुळीत असल्याने साध्या चिमट्यातून सरकते. बोर्डाला नवख्या माणसाने तंगूसच वापरावी.

पातळ दोरीने स्पूल भरायचा तर खूप दोरी लागते आणि खर्च वाढतो. यावर उपाय सोपा आहे. तळाशी स्वस्त दोरीचा भराव द्यावा आणि वर कामाची दोरी गुंडाळावी. स्पूलच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर जागा राहील इतपत भरावे. गुंडाळताना दोरी ओल्या फडक्यातून ताणून घ्यावी. सैल गुंडाळलेली दोरी पहिल्या माशाबरोबर आत रुतते आणि सगळा हिशेब बिघडतो.

क्रिकेटच्या पिचवर तपासणी

काउंटर तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. गावातले क्रिकेटचे मैदान पुरते. एका बाजूच्या स्टंपपासून दुसऱ्या बाजूच्या स्टंपपर्यंत पिचची लांबी २२ यार्ड, म्हणजे ६६ फूट किंवा २०.१२ मीटर असते. पिच आखलेले नसेल तर टेपने ६६ फूट मोजून घ्यावे.

• दोरीचे टोक एका स्टंपला बांधावे आणि काउंटर शून्यावर आणावा.
• रील हातात घेऊन, दोरी ताणलेली ठेवत, दुसऱ्या स्टंपपर्यंत चालत जावे. आकडा लिहून ठेवावा.
• दोरी पुन्हा गुंडाळून हेच पाच वेळा करावे.
• शक्य असेल तर तिथून परत फिरून दुप्पट लांबी, म्हणजे १३२ फूट, सोडून पाहावी.

पाचही वेळा ६६ आले तर उत्तमच. पाचही वेळा ७२ आले तरी रील भरवशाचे आहे. ते दर वेळी सारखेच चुकते, एवढेच. अशा रीलच्या आकड्याला ०.९२ ने गुणले की खरी लांबी मिळते, म्हणजे काउंटरवरचे १०० हे खरे ९२ फूट. आणखी थोडा भराव घातला की ही चूकही जाते. पण एकदा ६४, एकदा ७१, एकदा ६८ असे आकडे आले तर दातेरी चाके घसरत आहेत. ते रील स्वस्त असो की महाग, परत करावे.

१०० फूट दोरी म्हणजे १०० फूट खोली नव्हे

हा सगळ्यात मोठा गैरसमज. चालत्या बोटीमागे दोरी तिरपी जाते आणि पाण्याच्या रेट्याने तिला झोळ पडतो. आमिषाची खोली पाच गोष्टींवर ठरते: दोरीची लांबी, तिची जाडी, बोटीचा वेग, आमिषाचा आकार आणि लावलेले वजन. चोच असलेले आमिष ओढले की खाली बुडी मारते. बिनचोचीचे जवळजवळ वरच राहते. जाड दोरी पाण्याला जास्त अडते आणि आमिषाला वर उचलते. वळण घेताना आतल्या बाजूचा बोर्ड मंदावतो. त्याचे आमिष वजनदार असेल तर खाली जाते आणि तरंगणारे असेल तर वर येते.

म्हणून प्रत्येक प्रकारच्या आमिषासाठी 'इतक्या फुटांवर इतकी खोली' असे तक्ते तयार केलेले असतात. तक्ता नसेल तर तळाची खोली माहीत असलेल्या जागी हळूहळू दोरी वाढवत जावे. आमिष तळाला टेकून रॉडचे टोक थरथरू लागले की त्या वेगाला आणि त्या आकड्याला तेवढी खोली असे वहीत लिहून ठेवावे. अशी दहा नोंदींची वही विकतच्या तक्त्यापेक्षा जास्त उपयोगी पडते. पण त्यासाठी तळ माहीत असायला हवा. धडगावच्या पाण्यात नेमकी हीच अडचण आहे.

धडगावच्या नर्मदेत काय होईल?

नर्मदा महाराष्ट्रातून वाहते ती फक्त ५४ किलोमीटर, आणि ती सगळी नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर. परिक्रमा करणाऱ्यांना हा भाग 'शूलपाणीची झाडी' म्हणून माहीत आहे. गुजरातमधल्या सरदार सरोवर धरणाचे पाणी इथे मागे पसरले आणि महाराष्ट्रातली ३३ गावे बुडिताखाली आली. ही गावे अक्कलकुवा आणि धडगाव (अक्राणी) या दोन तालुक्यांतली. धरणाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आहे. जलाशय त्या पातळीपर्यंत पहिल्यांदा सप्टेंबर २०१९ मध्ये भरला.

दोरी मोजणाऱ्याने लक्षात ठेवावा असा दुसरा आकडा ११०.६४ मीटर. ही या जलाशयाची नेहमीच्या वापरातली किमान पातळी. म्हणजे भरलेल्या आणि उतरलेल्या पाण्यात तब्बल २८ मीटरचा फरक पडू शकतो, जवळपास नऊ मजली इमारतीएवढा. उदाहरण घेऊ. एखाद्या ठिकाणी तळ समुद्रसपाटीपासून १०५ मीटरवर आहे. पाणी १३८ मीटरवर असताना तिथे ३३ मीटर खोली असेल. पाणी ११५ मीटरवर उतरले की तिथेच फक्त १० मीटर. सप्टेंबरात ज्या आकड्यावर आमिष मोकळ्या पाण्यात पोहत होते, त्याच आकड्यावर ते उन्हाळ्यात तळात रुतेल. म्हणून इथल्या वहीत काउंटरच्या आकड्याशेजारी त्या दिवसाची जलाशयाची पातळी लिहिल्याशिवाय नोंद पुरी होत नाही.

तळही सपाट नाही. बुडालेल्या झाडांचे बुंधे, शेतांचे बांध, घरांची जोती आणि खडक पाण्याखाली आहेत. अमेरिकेतल्या लेक ईरीसारख्या उथळ, सपाट तळाच्या सरोवरात ट्रोलिंग सोपे आहे. इथे दोन-तीन गळांचे काटे असलेले आमिष खोल ओढत नेले तर ते झाडात अडकण्याची शक्यता फार. इथे बोर्ड वापरायचाच झाला तर वरच्या तीन-चार मीटरच्या थरात वापरावा, आणि काउंटरचा उपयोग आमिष त्या थराखाली जाऊ न देण्यासाठी करावा.

मासे कोणते आहेत हेही पाहावे लागते. कटला वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहू मधल्या थरात चरतो आणि मृगळ तळाशी. वळवळणाऱ्या नकली माशावर झडप घालणे हा त्यांचा स्वभाव नाही. त्यांच्यासाठी जाळेच योग्य. ट्रोलिंगच्या आमिषाला येतील ते शिकारी मासे, म्हणजे मोठ्या तोंडाचा, बिनखवल्याचा शिवडा आणि वाहत्या पाण्यातला महसीर. महसीर नर्मदेचा मानाचा मासा. शेजारच्या मध्य प्रदेशाने त्याला राज्यमासा घोषित केले आहे. धरणांमुळे वाहते पाणी थांबले आणि त्याची संख्या घटली. गळाला महसीर लागला तर ओल्या हाताने गळ काढून तो पाण्यात सोडून देणे हेच योग्य.

आधी विचारा, मग दोरी सोडा

या जलाशयाच्या काठावर विस्थापित आदिवासी कुटुंबे मासेमारी करतात आणि त्यांच्या सहकारी संस्था आहेत. महाराष्ट्रात सरकारी जलाशयांतली मासेमारी मत्स्यव्यवसाय विभागामार्फत सहकारी संस्थांना ठेक्याने दिली जाते. बाहेरून आलेल्या हौशी माणसाने आधी स्थानिक संस्थेची परवानगी घ्यावी.

परवानगीच्या कागदाइतकेच महत्त्वाचे आहे पाण्यातले जाळे. काठालगत आणि खाडीसारख्या आत शिरलेल्या भागांत रात्रभर जाळी लावलेली असतात. बोटीपासून शंभर फूट बाजूला चाललेला बोर्ड आणि त्यामागचे काटे एका फेरीत जाळे फाडू शकतात. हौशी माणसाचे एक आमिष जाते. जाळेवाल्याची मात्र त्या आठवड्याची कमाई जाते. जाळी कुठे आहेत हे स्थानिक नावाड्याला माहीत असते, म्हणून बोट त्याचीच घ्यावी आणि दिशाही त्यानेच ठरवावी.

सुरक्षेचेही तसेच. १५ जानेवारी २०१९ रोजी, मकर संक्रांतीच्या दिवशी, धडगाव तालुक्यात नर्मदेत माणसांनी भरलेली बोट उलटून जीव गेले. या खोऱ्यात वारा अचानक सुटतो आणि काठ उभे असल्याने पोहून बाहेर पडणे सोपे नसते. बोटीत माणसे मोजकी हवीत आणि प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट हवे. मग रीलचा विचार.

काउंटरशिवाय मोजता येते का?

येते, आणि फार पूर्वीपासून येते. कोकणातले मासेमार पाण्याची खोली 'वाव'मध्ये सांगतात. दोन्ही हात पसरल्यावर एका हाताच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंतचे अंतर म्हणजे एक वाव, साधारण सहा फूट. दोरी सोडताना हात पसरत मोजत जायचे. दहा वाव म्हणजे साठ फूट.

आणखी नेमकेपणा हवा असेल तर तंगुसावर दर पाच मीटरवर पक्क्या शाईची खूण करावी आणि दर वीस मीटरवर रंगीत दोऱ्याची बारीक गाठ मारावी. ट्रोलिंगसाठी मिळणारी शिशाच्या गाभ्याची दोरीही याच तत्त्वावर बनते. तिचा रंग दर १० यार्डांनी बदलतो, आणि मासेमार 'पाच रंग सोडले' असे सांगतात. रंगाची खूण दोरीवरच असते, म्हणून स्पूल किती भरला आहे याने तिला काही फरक पडत नाही. धडगावसारख्या पाण्यात अधूनमधून मासेमारी करणाऱ्याला एवढे पुरते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फूट की मीटर? अमेरिकी बाजारातली बहुतेक रील्स फूट दाखवतात. १० फूट म्हणजे सुमारे ३ मीटर एवढे लक्षात ठेवले तरी काम होते. एका बोटीवर दोन्ही प्रकार मिसळू नयेत.

साध्या रीलवर बोर्ड चालतो का? चालतो. काउंटर बोर्डासाठी आवश्यक नाही. ब्रेक चांगला हवा आणि दोरीवर खुणा हव्यात.

जुने काउंटर रील घ्यावे का? पिचवरची तपासणी करून घ्यावे. आकडा सारखा येत असेल आणि ब्रेक अडखळत नसेल तर चांगले जुने रील स्वस्त नव्या रीलपेक्षा बरे.

निगा कशी राखावी? घरी आल्यावर ओल्या फडक्याने पुसून, ब्रेक सैल करून ठेवावे. ब्रेक आवळून ठेवला तर आतल्या चकत्या चिकटतात. नळाखाली जोराने धुऊ नये, पाणी काउंटरच्या काचेत शिरते.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी काय करावे? मिशिगन किंवा ओहायोमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ही मासेमारी घराजवळच करता येते. तिथे राज्याचा मासेमारी परवाना लागतो आणि एका माणसाने किती दोऱ्या सोडाव्यात याचीही मर्यादा असते. नियम राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या संकेतस्थळावर मिळतात.

शेवटी लक्षात ठेवायची गोष्ट एकच. काउंटरवरचा आकडा म्हणजे स्पूलने घेतलेले फेरे. ते फेरे खऱ्या लांबीशी जुळतात का हे पिचवर तपासावे लागते. आमिषाखाली किती पाणी आहे हे त्या दिवसाची पातळी सांगते, आणि त्या पाण्यात कुणाचे जाळे आहे हे काठावरचा माणूस सांगतो.